येते म्हणजे कधी?

६ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

पोचले, खोली मिळाली, सामान लावलं, पोट ठीक आहे, थंडी सोसवते. दादाला एवढंच वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी.

खोली तिसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक खिडकी, भिंतीतलं कपाट. जिन्याच्या चौकात समोरासमोर दोन दारं, एक माझं आणि एक समोरच्या बाईंचं. सत्तरीच्या असतील, एकट्याच राहतात. चार दिवसांत त्यांचं दार दोनदा उघडलं. दोन्ही वेळा मी तोंडभर हसले, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. पण लावलंच.

दुकान कपडे दुरुस्तीचं. इकडे तयार कपडे घेतात आणि मग आमच्याकडे आणतात, हे आखूड करा, ते कमरेत घ्या. आपण दोघी घरी बसून 'जरा एवढं बघून दे गं' म्हणून जे करत आलो तेच. मालकीणबाई शिस्तीच्या आहेत. सहा महिने काम बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार.

पहिल्याच दिवशी मी दिवे लावले. एक उंचपुरा माणूस पँट कमरेत घ्यायला आला होता. मी टेप घेऊन जवळ गेले, तो एक पाऊल मागे सरकला. मला वाटलं जागा करून देतोय, म्हणून मी एक पाऊल पुढे. तो आणखी मागे. असं करत करत आम्ही दुकानभर फिरलो आणि शेवटी तो कपडे बदलायच्या खोलीच्या पडद्यात गुरफटला. मी म्हटलं, "घाबरू नका हो, तुम्ही मला मोठ्या भावासारखे." त्यानंतर तो जास्तच घाबरला. मालकीणबाईंनी माझ्या हातातून टेप काढून घेतली.

पण मला इथे टिकायचंय, वहिनी. अडतीस वर्षांची झाले, पहिल्यांदाच काहीतरी एकटीनं करून बघतेय.

तुझी,
टाचणी


२२ सप्टेंबर

प्रिय टाचणी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बाजारात होते. परत येईपर्यंत शेजारच्या काकूंनी ते फोडून वाचलं होतं आणि दोन मजल्यांना सांगूनही झालं होतं. जिन्यातच खालच्या बाई म्हणाल्या, "काय हो, तुमच्या नणंदेनं तिकडे एका पुरुषाला पडद्यात कोंडलं म्हणे?" हसावं की रडावं कळेना. काकूंना विचारलं तर म्हणतात, "अगं, पाकीट ओलं होत होतं म्हणून उघडलं." बाहेर ऊन रखरखत होतं.

तुझा दादा म्हणतो, फोन का करत नाही ती? त्याला काय सांगू? आपल्या घरात फोन वाजला की सगळे गोळा होतात, आणि जो तो मध्येच ओरडून तुला जेवलीस का विचारतो. पत्राचं पाकीट निदान चिकटवलेलं असतं असं मला वाटलं होतं. असो.

तू त्या समोरच्या बाईंचं एवढं मनावर घेऊ नकोस. सरळ दार वाजव आणि वाटीभर साखर माग. साखर मागितल्याशिवाय कुठे ओळख झालीय का? मी या घरात आले तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. तिसऱ्या दिवशी माझं कपाट उघडून माझाच दुपट्टा गळ्यात घालून समोर उभी राहिलीस. तेव्हा असा राग आला होता! पण ओळख झाली ना?

तुझ्या मशीनवर चादर घालून ठेवलीय. कुणाला हात लावू देत नाही. काकू तिच्यावर पिशव्या ठेवतात, पण त्या कुणाला विचारतच नाहीत.

तुझी,
वहिनी


१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय! गेले की साखर मागायला. बाईंनी अख्खी पिशवी हातात दिली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी नवी पिशवी घेऊन परत करायला गेले तर म्हणाल्या, "गरज नव्हती. पण पुढच्या वेळी आधी चिठ्ठी टाकलीत तर बरं होईल." साखरेसाठी चिठ्ठी!

दुकानात मात्र सुधारले. मालकीणबाईंनी शिकवलं की बोलताना हातभर लांब उभं राहायचं, आणि माप घेण्याआधी सांगायचं. 'आता खांदा घेते. आता कंबर, चालेल?' समोरचा हो म्हणाला की मगच टेप लावायची. मला वाटलं, ही काय नाटकं! पण परवा एक मुलगी आली होती, विशीतली. "आता छाती, चालेल?" असं विचारलं, तर क्षणभर विचार करून म्हणाली, "नको." मग तिनं स्वतःच टेप धरली आणि मला आकडा वाचून दाखवला. जाताना माझे आभार मानले. कशाचे, ते मला घरी आल्यावर कळलं. आपल्याकडे इतक्या बायका, मुली आल्या. हात वर कर, वळ, श्वास सोड, असं म्हणत मी त्यांना भोवऱ्यासारखं फिरवलं. एकीलाही कधी विचारलं नाही गं.

पण दुसरी बाजूही लिहिते. इथे येऊन दीड महिना झाला आणि मला कुणी हात लावलेला नाही. गर्दीत धक्कासुद्धा लागत नाही. लागलाच तर दोघंही माफी मागतात. काल कोट घालून बघताना एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा तोल गेला, त्यानं माझं मनगट धरलं, आणि माझे डोळे भरून आले. वेडेपणा, दुसरं काय.

आणि हे ऐक. समोरच्या बाईंची चिठ्ठी आलीय! 'पुढच्या गुरुवारी चार ते पाच चहाला याल का?' आठ दिवस आधी आमंत्रण. तेही 'ते पाच'. जाणार आहे.

तुझी,
टाचणी


२ नोव्हेंबर

प्रिय टाचणी,

चार ते पाच म्हणजे चहा आहे की शाळेतला तास? घंटा वाजवतात का गं?

तुला कुणी हात लावत नाही म्हणून रडतेस. मला दिवसातून एक तास कुणी हात लावला नाही, हाक मारली नाही, तर मी गावभर साखर वाटीन. परवा आंघोळीला गेले तर काकू बाहेरून दार वाजवून विचारतात, "झालं का?" मी म्हटलं, "तुम्हाला जायचंय का?" तर म्हणे, "नाही, सहज विचारलं."

मी डॉक्टरकडे जाऊन आले. विशेष काही नाही, थकवा आहे जरा. बायकांचं असतंच काहीबाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. समोरच्या बाईंशी काय बोललीस ते सविस्तर लिही.

काकू विचारताहेत एवढं काय लिहितेस, म्हणून आवरतं घेते.

तुझी,
वहिनी


१८ डिसेंबर

प्रिय वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तोंडघशी पडले होते.

गुरुवारचा चहा छान झाला. बाई पूर्वी छापखान्यात होत्या. पानं छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायचं त्यांचं काम. बोलायला लागल्या की छान बोलतात, फक्त शब्द मोजून. पाच वाजले, मी उठले, आणि आपण म्हणतो तेच त्यांच्या भाषेत म्हटलं, "बरंय, येते मी."

त्यांनी विचारलं, "कधी?"

मी म्हटलं, "येईन की. आता काय, रोजचंच!"

पुढे आणखी दोनदा त्यांनी चहाला बोलावलं आणि मी निघताना तेच म्हटलं. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हाही. मग एकाएकी सगळं बंद. मान हलवणंसुद्धा बंद. माझ्या मनात सतरा शंका. फार जवळ बसले का? पेन्शन किती मिळते ते विचारलं म्हणून? मुलं का झाली नाहीत ते विचारलं म्हणून? (विचारलं होतं. जीभच वळवळते, काय करू?) गेल्या रविवारी दाराखालून चिठ्ठी आली. ती तशीच्या तशी लिहिते.

'तुम्ही चार वेळा येते असं म्हणालात. चारही संध्याकाळी मी घरी थांबले. दोनदा तुमचंही ताट मांडलं. यायचं नसेल तर माझी हरकत नाही, पण मग कृपा करून म्हणू नका.'

वहिनी, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंद दार बघून मी त्यांना माणूसघाणं ठरवलं होतं, आणि त्या दारामागे ही बाई माझं ताट मांडून बसली होती.

मी चिठ्ठी टाकून वेळ मागितली, मंगळवारी संध्याकाळी सहाची. गेले आणि सगळं सांगितलं. आमच्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. चुकून म्हटलं तर मोठी माणसं ओरडतात, कारण जाणारा तो जातोच. म्हणून प्रत्येक जण 'येते'च म्हणतो. त्यांनी दोन्ही शब्द कागदावर लिहून घेतले. मग चष्मा पुसत विचारलं, "आणि खरंच परत यायचं असेल तेव्हा काय म्हणता?"

"तेच."

"मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?"

"कळतं."

"पण कसं?"

घरी येऊन तुला डोळ्यांपुढे आणलं, तू कसं ओळखतेस ते आठवून बघितलं, तरी सांगता येईना.

तेव्हापासून ठरवलंय, नाकासमोर चालायचं. म्हणेन ते करीन आणि दुसरा म्हणेल ते खरं धरीन. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार.

आता मुद्द्याचं. सहा महिने व्हायच्या आतच मालकीणबाईंनी करार पुढे केलाय. दोन वर्षांचा, मध्ये सोडून जाता येणार नाही. ३१ जानेवारीच्या आत सही करायची. काम मला आवडतं. हात चांगला बसलाय, गिऱ्हाइकं माझं नाव घेऊन येतात. पण तुला माझी तिथे गरज असेल तर मी कागद परत देईन, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही. सरळ लिही. येऊ की राहू?

तुझी,
टाचणी


४ जानेवारी

प्रिय टाचणी,

पत्र मिळालं. वाचून सर्वांना आनंद झाला. तू खुशाल तिथे राहा. इकडे आमचं काहीही अडत नाही. घर माणसांनी भरलेलं आहे. चालून आलेलं सोडू नये असं तुझ्या दादाचं आणि काकूंचंही म्हणणं आहे. दोन वर्षं बघता बघता जातील. माझी तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी.

वहिनी


२० जानेवारी

प्रिय वहिनी,

काय नेमकं लिहिलंस! एरवी तू आडून आडून चार पानं लिहितेस आणि खरी गोष्ट पाचव्या पानाच्या समासात सापडते. या वेळी आठ-दहा ओळींत मोकळी. पूर्वीची मी असते तर 'काळजी नसावी' वाचूनच काळजीत पडले असते. 'तब्येत उत्तम' असं कुणी आपल्या माणसाला लिहितं का गं? पण आता ठरवलंय ना, लिहिलं ते खरं.

काल सही केली.

समोरच्या बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मी तुमचा हात हातात घेतला तर चालेल?" चालेल म्हटलं. दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आता दर गुरुवारी जाते. 'ते पाच' अजून आहेच, पण ते सहा कधी होतात ते दोघींनाही कळत नाही.

मी सुखात आहे, वहिनी. तुझ्यामुळे.

तुझी,
टाचणी


२६ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

हे पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. माझा नंबर सत्तावीस आहे आणि आत्ता नववा आत गेलाय. तुझा दादा औषधं आणायला गेलाय. शेजारी एक अनोळखी बाई आहे, तिला माझ्या पत्राचं काही पडलेलं नाही. म्हणून आज खरं लिहिता येतंय.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझं ऑपरेशन झालं. पिशवी काढली. गाठ होती, तपासायला पाठवली होती, साधी निघाली. आता धोका नाही. हे दोनदा वाच आणि मग पुढे वाच.

साऱ्या बिल्डिंगला माहीत आहे. दूध टाकणारा परवा विचारत होता, टाके विरघळणारे आहेत की काढावे लागतील. एक तू सोडून सगळ्यांना ठाऊक.

तू 'येऊ की राहू' विचारलंस तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. उत्तर लिहायला बसले तर एका बाजूला तुझा दादा, दुसऱ्या बाजूला काकू. दादा म्हणाला, तिचं चांगलं चाललंय, उगाच जिवाला घोर कशाला? काकू म्हणाल्या, "आमचं काही अडत नाही असं लिही, बरं दिसतं." ते म्हणत गेले, मी लिहीत गेले. मला वाटलं, तू ओळखशील. इतकी वर्षं मी 'मला काही नको गं' म्हणायचे आणि तू गुपचूप चहा टाकायचीस. माझा एक शब्द तू कधी जसाच्या तसा धरला नव्हतास. त्या भरवशावर मी बिनधास्त खोटं लिहिलं.

आणि तू सही करून मोकळी झालीस! तुझं पत्र मी पलंगावर पडून वाचलं. आधी हसू आलं, टाके दुखले. मग रडू आलं, तर ते हसण्याहून जास्त दुखले.

तुझा दोष नाही, टाचणी. तू विचारलं होतंस, सरळ विचारलं होतंस. इतक्या सरळ प्रश्नाला उत्तर द्यायची मला सवयच नव्हती.

दवाखान्यात माणसांचा तोटा नव्हता. एकदा तर अकरा जण होते पलंगाभोवती. कुणाच्या जावेचं काय झालं, कुणाच्या मामेबहिणीला किती टाके पडले, सगळं माझ्या उशाशी. कुणीतरी माझ्या पायावर बसलं होतं. प्रेमानंच येतात गं सगळे, डबे आणतात, पाय चेपतात, मी नावं ठेवत नाही. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला भीती वाटत होती, आणि त्या अकरा जणांत 'मला भीती वाटते' असं म्हणायला जागा नव्हती. मी डोळे मिटून पडून राहिले. मनात म्हटलं, टाचणी असती तर या सगळ्यांना काहीतरी कारण काढून बाहेर घालवलं असतं, आणि मग काही न बोलता शेजारी बसली असती.

मला तू हवी होतीस. सही मोडून ये असं मी म्हणत नाही. तुला टोचणी लागावी म्हणूनही लिहीत नाही. आपल्याकडे हे कुणी कुणाला म्हणत नाही, म्हणून एकदा म्हणून बघते. अजून मी पुरती बरी नाही आणि मला तू हवी आहेस.

पंचविसावा आत गेला. पाकीट मी माझ्या हातानं पेटीत टाकणार आहे.

तुझी,
वहिनी


१२ मार्च

वहिनी,

पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. आधी राग आला. दादाचा आला, काकूंचा आला, तुझाही आला. मग स्वतःचा आला आणि तो अजून गेलेला नाही. बावीस वर्षं तुला ओळखते, आणि 'तब्येत उत्तम' असं तुझ्या हातचं वाचून खुशाल सही करायला गेले. तू भीतीनं डोळे मिटून पडली होतीस तेव्हा मी इकडे कुणाच्या तरी बाह्या आखूड करत होते.

तशीच मालकीणबाईंकडे गेले. हातभर लांब उभी राहिले आणि म्हटलं, "मला तीन आठवडे रजा हवीय. घरी एक जण आजारी आहे आणि तिला मी हवी आहे."

त्यांनी रजेची वही उघडली. करारात अशी रजा फक्त आईवडील, मुलं आणि भावंडं यांच्यासाठीच मिळते. नात्याच्या रकान्यावर पेन टेकवून त्यांनी विचारलं, "कोण?"

त्यांच्या भाषेत वहिनीला शब्दच नाही. भावाची बायको म्हणतात, म्हणजे आपली कुणीच नाही. मी पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, बहीण.

त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "तुला फक्त एक भाऊ आहे असं सांगितलं होतंस."

"हो. बहीण मी सोळा वर्षांची असताना घरात आली."

त्यांनी पेन परत घेऊन रकान्यावर धरलं. मला वाटलं आता खोडणार. इकडे शब्दाला शब्द जुळला नाही तर चालत नाही. मी म्हटलं, "खोटं लिहिलं नाहीये." तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि खाली सही केली.

२९ मार्चला दुपारी तीन वाजता घरी पोचते. हे वाचून तू लगेच उत्तर लिहायला बसशील हे मला माहीत आहे. 'आता मी बरी आहे, एवढ्या लांबून कशाला येतेस' असं त्यात लिहिलेलं असेल. ते मी खरं धरणार नाही.

तुझी,
टाचणी